पुरवर्ग, मुक्काम जोगेश्वरी

चार वर्षांपूर्वी आमच्या कंपनीला शेनझेनच्या एका हार्डवेअर कंपनीचं काम मिळालं. मॅनेजरने विचारलं, चिनी कोण शिकेल? पगारवाढ दोन वर्षं अडकलेली होती, म्हणून मी हात वर केला. सीप्झमधून सुटून जोगेश्वरीला घरी पोचेपर्यंतचा पाऊण तास शेअर रिक्षात कानात हेडफोन घालून मी चिनी शब्द पाठ करायचो. पाठ्यपुस्तकाचा तिसरा धडा होता 'शहर'. त्यात तीन रकाने होते: माणसं, जागा, संस्था. शिक्षक, पोलीस, ड्रायव्हर. बाजार, बाग, स्टेशन. बँक, पोस्ट, रुग्णालय, नगरप्रमुख. अशा याद्या कुठल्याही भाषेच्या पुस्तकात असतात आणि कुणी त्या साहित्य म्हणून वाचत नाही. मीही वाचल्या नसत्या. पण त्याच महिन्यात आमच्या घरी एक सरकारी कागद आला. त्यातही शहरातली माणसं, जागा आणि संस्था यांचेच शब्द होते, आणि ते मराठीत असूनही वडिलांना मला विचारावे लागत होते. कागदाकडे नंतर येतो.

आधी उच्चारांबद्दल थोडं, कारण मराठी माणसाला इथे फुकटचा फायदा आहे. इंग्रजी पाट्यांवरून आपण 'बीजिंग' म्हणतो, पण चिनी लोकांच्या तोंडचा उच्चार 'पेइचिंग'च्या जवळ जातो. त्यांच्यात ब-प असा फरक नाही, प-फ असा आहे. तसाच त-थ, क-ख. आपल्या बाराखडीत हे सगळं आधीपासून आहे. शिवाय चाकातला च आणि चहातला च हे दोन वेगळे उच्चार त्यांनाही लागतात. माझ्या वर्गातल्या दिल्लीच्या मुलाला पहिला काही केल्या जमेना. मी देवनागरीत टिपणं काढायचो आणि मास्तरीणबाई चकित व्हायच्या. माझं कौतुक तिथेच संपलं, कारण पुढे सूर येतात आणि सुरांत मी अजून कच्चा आहे.

तर, शहर. चिनीत 'छंगश'. छंग म्हणजे तट, श म्हणजे बाजार. तट आणि बाजार मिळून शहर. वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं, ही व्याख्या मुंबईला लागू नाही. मग आठवलं की जुनी माणसं फोर्टला 'कोट' म्हणायची. त्या कोटाला तीन दरवाजे होते: अपोलो गेट, चर्च गेट, बझार गेट. तट १८६०च्या दशकात पाडला, दरवाजा मात्र स्टेशनच्या नावात राहिला. म्हणजे छंगही होतं आणि शही होतं. आम्ही उपनगरातले लोक आजही दक्षिण मुंबईला जायचं असलं की 'टाउनला जातोय' म्हणतो. शहरात राहून शहराला जातो.

हे 'उपनगर' प्रकरणही गमतीचं आहे. १९५० साली मुंबईची हद्द वाढवली तेव्हा पश्चिम रेल्वेच्या बाजूने ती जोगेश्वरीपर्यंत आणली, मध्य रेल्वेच्या बाजूने भांडुपपर्यंत. १९५७मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. म्हणजे सात वर्षं आमचं जोगेश्वरी हे शहराचं शेवटचं टोक होतं. अमरकोशाच्या दुसऱ्या कांडात 'पुरवर्ग' नावाचा भाग आहे. नगर, वेस, रस्ते, बाजार, घरं यांचे शब्द एकत्र बांधलेले आहेत. आमच्या चिनी पुस्तकातला तिसरा धडाच म्हणा. त्यात मूळ नगराला फुटलेल्या वस्तीसाठी 'शाखानगर' असा शब्द आहे. मला हा 'उपनगर'पेक्षा कितीतरी पटतो. 'उप' म्हणजे दुय्यम. शाखा निदान वाढते. पण आमच्याकडे 'शाखा' म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यांसमोर येते: कोपऱ्यावरची शिवसेनेची खोली, जिथे पाणी आलं नाही, शाळेत प्रवेश मिळाला नाही, नळावरून भांडण झालं की माणसं जातात. चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या सगळ्यात खालच्या घटकाला 'चपू' म्हणतात. त्यातल्या 'च'चा अर्थ फांदीच. विचार एकमेकांच्या विरोधात असले तरी झाड एकच सुचलं.

त्याच पुरवर्गात अगदी शेवटी शेवटी शबरांच्या वस्तीचा शब्द येतो आणि त्याचा अर्थ 'शबरालय' असा दिला आहे. यादी नगरापासून निघते, राजवाडे आणि मंदिरं घेते, आणि ज्यांना वेशीबाहेर ठेवलंय त्यांच्याशी येऊन थांबते. यादी ही कधीच नुसती यादी नसते. कोण आधी, कोण नंतर, कोणाला स्वतःचं नाव आणि कोणाला दुसऱ्याने दिलेलं, हे त्यात ठरलेलं असतं.

मराठीत कारभाराच्या शब्दांची पहिली मोठी यादी म्हणजे राज्यव्यवहारकोश. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंतांनी रचलेला, दहा वर्गांचा, चौदाशेच्या आसपास शब्दांचा. फारसी शब्द द्यायचा आणि त्याला संस्कृत पर्याय सांगायचा, अशी रीत. पेशव्याला मुख्य प्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव, सरनोबताला सेनापती. हा कोश म्हणजे स्वराज्याची खूण, असं आपण शाळेत शिकतो आणि ते खरंच आहे. राज्य आपलं आहे हे दाखवायला पदांची नावं आपली हवीत, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती. पण पुढचं शाळेत कुणी सांगत नाही. त्यानंतरच्या शतकाला आपण 'प्रधानशाही' म्हणत नाही, 'पेशवाई' म्हणतो. ज्या शब्दाला पर्याय दिला त्याच शब्दाने पुढच्या पिढ्यांचं नाव पडलं. 'सचिव' मात्र टिकला. तो आज मंत्रालयात बसतो. कोणता शब्द जगेल हे कोशकाराच्या हातात नसतं. मग कोणाच्या हातात असतं?

दुसरी लाट सावरकरांच्या भाषाशुद्धीची. 'महापौर' हा त्यांचाच शब्द म्हणून ओळखला जातो. ह्या लाटेची चेष्टा करणं सोपं आहे आणि भरपूर झाली आहे, पण मला त्या काळातला माधव जूलियनांचा प्रवास जास्त लक्षात राहतो. या माणसाने १९२५ साली फार्सी-मराठी कोश दिला, ज्याच्या कवितेत गझल मुरलेली, तोच १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहितो. दोन्ही पुस्तकं एकाच हाताची आहेत, ह्यात मला ढोंग दिसत नाही. ज्याला उसने शब्द किती खोल गेलेत हे नेमकं माहीत होतं, त्यालाच त्यांची बोचणी लागली असावी.

तिसरी लाट सरकारी. राज्य १९६०मध्ये झालं, त्याच वर्षी भाषा संचालनालय आलं, आणि साठीच्या सुरुवातीलाच पदनाम कोश आला. शिपायापासून आयुक्तापर्यंत सगळ्यांची मराठी नावं. आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटलं ही आठवण अजून सांगितली जाते. विनोद चांगला आहे, पण साठ वर्षांनंतर तो तपासून बघायला हवा. आयुक्त, संचालक, अधीक्षक, अभियंता हे शब्द आज वर्तमानपत्रात वाचताना कुणी अडखळत नाही. मी स्वतः 'अभियंता' आहे, निदान लग्नाच्या बायोडेटात. तेव्हा कोश हरला असं म्हणता येत नाही. तो जिंकलाही नाही. पाटीवर 'सहाय्यक आयुक्त' लिहिलेलं असतं आणि लोक 'वॉर्ड ऑफिसर'ला भेटायला जातात. 'विभाग कार्यालय' कुणी म्हणत नाही. जोगेश्वरीचा पूर्व भाग वर्षानुवर्षं 'के-पूर्व', तोंडी 'के ईस्ट'. ए ते टी अशी ही इंग्रजी अक्षरं, मध्ये आय नाही, जे नाही, ओ नाही. इतक्या शब्दांचं मराठी केलं, पण ज्या अक्षरावर आपलं पाणी, कचरा आणि जन्मदाखला अवलंबून, ते अक्षर तसंच राहिलं.

चिनी यादी इथे मला शिकवून गेली. ग्रंथालयाला ते 'थूशूक्वान' म्हणतात: चित्र, पुस्तक, वास्तू. रुग्णालय म्हणजे 'ईय्वान': वैद्यक आणि अंगण. हे अंगण मग न्यायालयातही येतं, कॉलेजातही, सिनेमागृहातही. प्रमुखासाठी 'चांग' हे एकच अक्षर: शहराचा चांग तो नगरप्रमुख, शाळेचा चांग तो मुख्याध्यापक, स्टेशनचा चांग तो स्टेशनमास्तर. आपण त्याच जागी अध्यक्ष, प्रमुख, अधीक्षक, संचालक, आयुक्त, प्राचार्य अशी वरात काढतो. मुद्दा संख्येचा नाही. चिनी भाजीवालीला 'थूशूक्वान' हा शब्द पहिल्यांदा ऐकू आला तरी त्याचे तिन्ही तुकडे तिच्या रोजच्या वापरातले असतात. 'आयुक्त'चा एकही तुकडा आमच्या गल्लीतल्या भाजीवालीच्या वापरात नाही. गंमत म्हणजे 'थूशूक्वान' चीनमध्ये जुळवलेलाच नाही. जपान्यांनी चिनी अक्षरं जोडून तो केला आणि चीनने उचलला. 'समाज' आणि 'टेलिफोन' यांचे चिनी शब्दही असेच जपानहून आले. परके की आपले हा प्रश्न तिथे जवळपास विरून गेला, कारण विटा घरच्या होत्या.

आपल्याकडे घरच्या विटा होत्या का? होत्या. 'खाना' बघा. दवाखाना, कारखाना, छापखाना, जिमखाना. मूळ फारसी, पण पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळलेला, कुणालाही जोडता येणारा तुकडा. त्याच्या जागी आपण 'आलय' आणलं: रुग्णालय, ग्रंथालय, कार्यालय, शौचालय. 'आलय' वाईट नाही. वाचनालय आणि शौचालय तर सगळे म्हणतात. पण २०२२मध्ये मुंबईत वस्त्यावस्त्यांतून महापालिकेचे छोटे दवाखाने सुरू झाले तेव्हा नाव काय दिलं? 'आपला दवाखाना'. रुग्णालय नाही, चिकित्सालय नाही. सर्दी-तापाच्या माणसाला आत यायला सांगायचं असतं तेव्हा शुद्धीवाद्यांच्या वारसांनाही 'खाना'च आठवतो. इथे माझं मत स्पष्ट आहे: शब्द फारसी की संस्कृत ही कसोटीच चुकीची. खिडकीपाशी उभं राहून तो शब्द मोठ्याने म्हणता येतो का, एवढंच बघावं. 'नगरसेवक' म्हणता येतो. त्याला शिव्याही देता येतात, म्हणूनच तो रुजला. मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासक राहिला, तेव्हाही आमच्या गल्लीतल्या फलकांवर 'माजी नगरसेवक' हसत होतेच. 'प्रशासका'चा फोटो मी कुठल्याच फलकावर पाहिला नाही. शिव्या द्यायला चेहरा लागतो.

पण एक कबुली द्यायला हवी. चिनी शब्द पारदर्शक आहेत म्हणून मी भारावलो होतो, ते फार टिकलं नाही. 'हूखौ' म्हणजे घर आणि तोंड: कुटुंबाची नोंदणी. लोकसंख्येलाही 'रनखौ', माणसं आणि तोंडं. किती घरगुती! आपणही म्हणतो, घरात खाणारी पाच तोंडं. आपण शिरगणती करतो, आपले पणजोबा खानेसुमारी करायचे. कुणी तोंडं मोजतं, कुणी डोकी, कुणी घरं. पण ह्याच गोड शब्दाच्या मागे १९५८पासूनचा नोंदणीचा कायदा आहे. तुमचं तोंड खेड्यात नोंदलेलं असेल तर शहरात कितीही वर्षं राबा, मुलाच्या सरकारी शाळेपासून दवाखान्यापर्यंत प्रत्येक दारात तो कागद आडवा येतो. अशा माणसाला 'नोंगमिनकोंग' म्हणतात: शेतकरी-कामगार. दहा वर्षं असेंब्ली लाइनवर उभा असला तरी शब्दात आधी शेतकरी. आमच्या क्लायंटच्या कारखान्यातले बहुतेक हात ह्याच शब्दातले होते, आणि शेनझेनमधल्या त्यांच्या खोल्या 'छंगचोंगछून'मध्ये, म्हणजे शहराच्या पोटात अडकलेल्या गावात. आपल्याकडे ह्याला कधीचा शब्द आहे, गावठाण. शेनझेन १९८०मध्ये विशेष क्षेत्र झालं. आमचं सीप्झ १९७३चं, त्यांच्या सात वर्षं आधीचं. ही गोष्ट मी तिथल्या इंजिनीअरला फुशारकीने सांगितली. तो सभ्यपणे हसला.

नोंगमिनकोंगला मराठीत जवळचा शब्द 'चाकरमानी'. माझे वडील संगमेश्वरकडचे. ते मुंबईत चाळीस वर्षं आहेत, पण गावी गेले की चाकरमानी. दोन्ही शब्द माणसाला त्याच्या गावावरून ओळखतात. पण चिनी शब्द शहराने दिलेला आहे आणि आपला गावाने. नोंगमिनकोंग म्हणजे तू आमचा नाहीस. चाकरमानी म्हणजे तू आमचाच आहेस, गणपतीला ये, येताना बॅग भरून आण. वसंतोत्सवाला चीनच्या आणि गणपतीत कोकण रेल्वेच्या गाड्या सारख्याच तुंबतात, पण निघताना कानावर पडलेला शब्द वेगळा असतो. मराठीने शहराच्या माणसाला दिलेला हा सगळ्यात प्रेमळ शब्द, आणि तो कुठल्याच कोशमंडळाने घडवलेला नाही. दुर्दैव इतकंच की मुंबईला स्वतःला त्याच माणसासाठी असा शब्द सुचला नाही.

आता कागद. आमची खोली मेघवाडीच्या बाजूला. वडिलांनी ती १९९६ साली घेतली. दहा बाय पंधरा, वर पोटमाळा, खाली टाइल्स, लोखंडी जिना. घरात आम्ही तिला 'रूम' म्हणतो, गावी 'आमची मुंबैची खोली'. पुनर्विकासासाठी सर्व्हे झाला, दारावर रंगाने नंबर पडला आणि काही महिन्यांनी यादी लागली. कागदावर तिचं नाव 'परिशिष्ट-२', गल्लीत 'अनेक्श्चर टू'. त्यात वडिलांच्या नावापुढे रकाना होता: झोपडीधारकाचे नाव. त्यापुढे: पात्र / अपात्र. वडिलांचं 'अपात्र', कारण १ जानेवारी २०००च्या आधीच्या एका पुराव्यावर आडनावाची वेलांटी वेगळी होती.

वडील अपात्रतेवर अडले नाहीत. ते 'झोपडीधारक'वर अडले.

"झोपडी कुणाची? आपली खोली हाय. लाइट बिल आपल्या नावावर हाय."

मी समजावलं की हा कायद्याचा शब्द आहे. १९७१चा जो कायदा आहे त्याच्या नावातच झोपडपट्टी आहे, आणि कंसात सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास. ते म्हणाले, निर्मूलन तर पोलिओचं करतात. मी गप्प बसलो. इंग्रजी कायद्यात तिथे जो शब्द आहे त्याचा अर्थ जागा मोकळी करणं एवढाच. मराठी करणाऱ्याने मुळासकट उपटणं निवडलं. अंधश्रद्धेचं निर्मूलन, पोलिओचं निर्मूलन, अतिक्रमण निर्मूलन, आणि आमचं. ज्या बाईला २०१४च्या कायद्यानंतर सरकारी कागदावर 'पथविक्रेता' असं सन्मानाचं नाव मिळालं, तिच्या टोपलीवर हात टाकायला येणारी गाडी त्याच 'निर्मूलना'ची. टोपलीवाल्या ओरडतात ते 'गाडी आली' एवढंच. त्यांच्या कोशात ह्या सगळ्या खात्याला दोन शब्द पुरतात.

पण खरा पेच पुढे होता. अपील करायचं तर अर्जावर 'मी झोपडीधारक' असं लिहून सही करावी लागणार. खोली म्हटली तर घर मिळत नाही. झोपडी म्हटली तरच तीनशे चौरस फुटांचं घर मिळतं. एरवी भाषेच्या चर्चेत आपण म्हणतो की अपमानाचा शब्द बदला. इथे अपमानाचा शब्द हाच हक्काचा दाखला आहे, आणि तो बदलला तर शेजारच्या दोनशे कुटुंबांच्या पायाखालची जमीन जाईल. शब्दांच्या शुद्धीवर लिहिणाऱ्या एकाही जुन्या लेखकाकडे मला ह्याचं उत्तर सापडलं नाही. ते सगळे शब्द कुठून आला हे विचारत होते. तो कुणाला काय मिळवून देतो आणि त्याबदल्यात काय घेतो, हा प्रश्न त्यांच्या यादीत नव्हता. पदनाम कोशाची माझी खरी तक्रार हीच आहे: त्यात खिडकीच्या आतल्या प्रत्येक माणसाचं नाव नीट, मानाचं, संस्कृतातलं आहे. खिडकीच्या बाहेर जो उभा आहे त्याच्यासाठी 'अर्जदार', 'धारक', 'लाभार्थी' असे शब्द वेगळ्या कागदांवर, वेगळ्या लोकांनी, घाईत केलेले.

वडिलांनी शेवटी सही केली. त्यांनी पत्त्यात 'खोली क्र.' लिहिलं होतं. कारकुनाने ते खोडून वर 'झोपडी क्र.' केलं. तो वाईट वागला नाही. आम्हाला खुर्ची दिली, आडनावाच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदाही त्यानेच सांगितला.

परत येताना रिक्षात वडिलांनी विचारलं, तुझे चिनी लोक अशा वेळी काय करतात? मी सांगितलं की तिकडे पाडायच्या भिंतीवर गोलात एक अक्षर लिहितात, 'छाय', म्हणजे पाडा. आणि जो हलत नाही त्याच्या घराला 'तिंगचहू' म्हणतात, खिळा-घर. लाकडातून न निघणारा खिळा. २००७मध्ये छोंगछिंग शहरात चहूबाजूंनी खणलेल्या खड्ड्याच्या मधोमध, मातीच्या सुळक्यावर असं एक घर उभं होतं, जगभर फोटो गेले होते. वडिलांनी फोटो बघायला मागितला. मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ बघितला.

"मग राहिलं का?"

"नाही. तडजोड झाली, पाडलं."

"पैसे मिळाले?"

"दुसरीकडे घर मिळालं म्हणतात."

"मग त्यांनी कागदावर खिळा लिहिलं की खोली?"

हे मला माहीत नव्हतं. रिक्षा मेघवाडीच्या नाक्याला वळली. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. प्रतिज्ञापत्रात वेलांटी पहिली की दुसरी हे आत्ता ठरवायचं आहे. गावच्या शाळेच्या दाखल्यावर पहिली आहे, रेशनकार्डावर दुसरी.